बिनटाक्याचं दुखणं

लाथ बसल्याचा आवाज असा आलाच नाही. थोरली तीन गाई सोडून पलीकडे धारेला बसली होती. तिला ऐकू आलं ते बादली आडवी होऊन फरशीवर घरंगळणं. मान न वळवताच ती म्हणाली, "सांडलं का गं?"

उत्तर आलं नाही तेव्हा तिने पाहिलं. धाकटी गव्हाणीच्या कठड्याला पाठ लावून खाली बसली होती. पहिलारू गाय मागचा पाय अजून अधांतरी धरून उभी होती. धाकटीचं तोंड उघडं होतं, पण श्वास ना आत जात होता ना बाहेर येत होता.

"लागलं?"

धाकटीने हात वर करून थांबा अशी खूण केली. थोड्या वेळाने श्वास आला, तो कण्हत आला.

"बरगडीत बसली. काही नाही. कोंडल्यासारखं झालं."

"घरात जाऊन पड जरा."

"माझ्या अजून दोन राहिल्यात," असं म्हणून ती उठली. तिने बादली विसळली आणि राहिलेल्या दोन गाई पिळल्या. थोरलीनेही पुन्हा सांगितलं नाही. डेअरीची गाडी यायची वेळ झाली होती.

घरात दोघी जावा, दोघींचे नवरे आणि गोठ्यात अकरा गाई. थोरलीच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. धाकटीचं लग्न तीन वर्षांचं. सासू-सासरे कधीच गेले होते. वीज धड नसायची म्हणून दूध काढायचं सगळं काम हातानेच. मागचा पावसाळा कोरडा गेला आणि जवळपास हिरवा चारा उरला नाही. तेव्हापासून दोघे भाऊ उजाडायच्या आत टेम्पो घेऊन कालव्याच्या अंगाला जात आणि दुपारी चारा घेऊन परत येत. गोठा दोघींवर होता. वाळलेली वैरण खाऊन गाईही चिडक्या झाल्या होत्या. त्यात ही पहिलारू पंधरा दिवसांची व्यालेली, सडांना हात लागला की थरथरायची.

दुपारी थोरली भांडी घासत असताना धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डावा खांदा तिने उजव्या हाताने धरला होता.

"ताई, लाथ बरगडीत बसली आणि दुखतोय खांदा. असं कसं?"

थोरलीने वर पाहिलं. धाकटीचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठांवर घामाचे थेंब होते. "बस खाली," असं म्हणेपर्यंत ती चौकटीला घसटत खाली आलीच.

भाऊ आले तेव्हा चारा अंगणात नुसता ढकलून दिला. टेम्पोत उरलेल्या पाचोळ्यावर सतरंजी टाकून धाकटीला झोपवलं. थोरली मागे तिच्याजवळ बसली. शहर तासाभराच्या वाटेवर होतं. प्रत्येक खड्ड्याला धाकटी थोरलीचं मनगट दाबायची.

मोठ्या हॉस्पिटलात पोटाची सोनोग्राफी झाली, मग एका यंत्रात सरकवून फोटो काढले. संध्याकाळच्या आत सर्जन बाहेर आल्या. पन्नाशीच्या बाई, पायात कॅनव्हासचे बूट, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"पाणथरी फाटलीय," त्या म्हणाल्या. "डाव्या बाजूला बरगड्यांच्या आत असते. पोटात रक्त साचलंय."

धाकटा भाऊ उभा होता तो भिंतीला टेकला. "मग ऑपरेशन कधी?"

"नाही करायचं. आत्ता तरी नाही."

"डॉक्टर, पैशांचा विचार करू नका."

"मी पैशांचा विचार करत नाहीये." त्यांनी खिशातून हातरुमाल काढला आणि चुरगाळून मुठीत धरला. "पाणथरी अशी असते बघा, रक्ताने भरलेली. तिला चीर गेलीय. चिरेवर रक्ताची गाठ धरलीय आणि त्याने रक्त थांबलंय. मी पोट उघडलं तर आतला दाब जाईल, गाठ सुटेल, आणि मग कदाचित सगळी पाणथरीच काढावी लागेल. ती नसली तरी माणूस जगतं, पण आयुष्यभर साध्या तापालाही घाबरावं लागतं. नाडी ठीक आहे, रक्तदाब टिकलाय. म्हणजे तिचं शरीर आतून शिवत बसलंय. आपण फक्त तिला हलू द्यायचं नाही."

"आणि गाठ सुटली तर?" थोरलीने विचारलं.

"मग अर्ध्या तासात टेबलावर घेईन. म्हणून तर इथं ठेवतेय. दर तासाला नाडी, रोज रक्त तपासायचं. उठायचं नाही. लघवीलासुद्धा नाही."

बाई गेल्यावर थोरला भाऊ म्हणाला, "काही करायचंच नाही तर इथं ठेवून काय उपयोग?" बायकांचा वॉर्ड असल्यामुळे थोरली थांबली. भाऊ गाईंसाठी परत गेले.

पहिले दोन दिवस धाकटीला तोंडाने काही द्यायचं नव्हतं. सलाईन चालू होतं, रक्ताची एक पिशवी लावली. सिस्टर यायची, मनगट धरायची, पोट चार ठिकाणी दाबून बघायची आणि आकडा लिहून जायची. थोरलीला वाचता येत होतं. अठ्ठ्याण्णव. शहाण्णव. शंभर. पुन्हा शहाण्णव. शंभर दिसलं की ती सिस्टरला पुन्हा मोजायला लावायची.

लघवीचं भांडं द्यायची वेळ आली की धाकटी भिंतीकडे तोंड करायची.

"ताई, तुम्ही नका ना. मी हळूच उठते."

"उठलीस तर ती बाई मला कच्ची खाईल. कंबर उचल."

"आयाला बोलवा."

"आया दोन मजले खाली आहे. गाईचं शेण काढतेच ना मी रोज, तुझं काय अवघड आहे?"

धाकटीला हसू आलं आणि हसताना डाव्या कुशीत कळ गेली. पुढचं भांडं मात्र तिने मुकाट्याने घेतलं.

शेजारच्या खाटेवर पित्ताशय काढलेली एक बाई होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पोटावरची पट्टी दाखवायची. तिने धाकटीला विचारलं, "तुम्हाला किती टाके?"

"एकही नाही."

"मग औषध काय चाललंय?"

"झोपून राहायचं."

बाईने थोरलीकडे बघून भुवया उडवल्या. "बरं आहे बाई. आम्हालाही सांगा हे औषध." थोरलीने हसून वेळ मारून नेली.

सहाव्या दिवशी घरी सोडलं. सर्जनबाईंनी नुसतं कागदावर लिहून दिलं नाही, थोरलीला समोर बसवून सांगितलं. दोन महिने वजन उचलायचं नाही. धार काढायची नाही, कळशी नाही, वाकून झाडणं नाही, मोटरसायकलवर बसणं नाही. "बाहेरून ती ठणठणीत दिसेल," त्या म्हणाल्या. "तेच खरं अवघड असतं. खांदा दुखला, चक्कर आली, तर चहासुद्धा न पिता इकडे निघायचं."

घरी पाच दिवस भावांनी दूध काढलं होतं. एका गाईची कास सुजून सड दगडासारखा झाला होता आणि दूध निम्म्यावर आलं होतं. थोरलीने पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले आणि सुजलेल्या कासेला गरम पाण्याचा शेक द्यायला बसली.

मग एकसारखे दिवस सुरू झाले. सकाळी अकरा गाई, संध्याकाळी अकरा. पहिलारूचे मागचे पाय बांधून तिला शेवटी पिळायचं. शेण, पाणी, कॅन घासणं, स्वयंपाक. पाचव्या-सहाव्या गाईला थोरलीच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागायचा, तो कोपरापर्यंत चढायचा. नवव्या गाईला बोटं आहेत की नाहीत ते कळायचं नाही. जेवताना घास तोंडाकडे नेताना हात कापायचा. भाऊ चाऱ्याच्या खेपेने मोडलेले असायचे. जेवले की जागच्या जागी आडवे.

गोठ्याला लागून असलेल्या खोलीत धाकटीची खाट होती. ती बसल्या बसल्या भाजी निवडून द्यायची, कपड्यांच्या घड्या घालायची, बटणं लावायची. आठवड्याभरात तिच्या तोंडावर तेज आलं. अंग भरलं. केस रोज विंचरलेले. थोरलीच्या केसांत वैरणीची कुसळं असायची.

डेअरीच्या गाडीवर दूध मोजून घेणारा माणूस बडबड्या होता. एक दिवस कॅनमध्ये काठी बुडवत तो म्हणाला, "काय वहिनी, धाकट्या राणीसाहेब अजून पलंगावरच?"

थोरली हसली. "अंगावर एक टाका नाही आणि दोन महिने पलंग. आपलं नशीब कुठलं?"

तो मोठ्याने हसला. थोरलीलाही बोलून बरं वाटलं. घरी येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं. दारातून आत येताना खाटेवरच्या धाकटीने "आलात?" म्हणून विचारलं, तेव्हा तिने रिकामा कॅन जरा जोरातच खाली आपटला.

एका दुपारी धाकटा भाऊ बायकोशी काहीतरी बोलत होता आणि दोघं हसली. थोरली चुलीपुढे होती. तिने झाकण ताटावर आदळलं. पलीकडचं हसू बंद झालं.

संध्याकाळी थोरली पीठ मळायला बसली तर मूठ वळेना. धाकटी भिंतीला धरून आत आली होती. तिने हात पाहिला.

"सुजलाय ताई."

"सुजेल नाहीतर काय."

"मी मळते. हे तर चालेल."

"डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना? पड जाऊन. तुझ्या पोटाचे फोटो निघालेत, माझ्या हाताचे कोण काढतंय?"

धाकटीने परात स्वतःकडे ओढली, पीठ मळलं आणि खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीला जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. टेम्पो गेलेला होता. एवढा उशीर तिला कधी झाला नव्हता. ती उठणार तोच गोठ्यातून आवाज आला. बादलीच्या बुडावर दुधाची धार पडत होती. एक लांब, एक आखूड, एक लांब. हात कुणाचा हे तिला सांगायला नको होतं. तीन वर्षं ती तो आवाज शेजारी बसून ऐकत होती.

ती उठली नाही. उजवा हात छातीवर घेऊन पडून राहिली. आपण आत्ता उठायला हवं, हे तिला अगदी स्वच्छ कळत होतं. तिने कूस बदलली. धार हळूहळू जाड झाली, फेसात बुडाली, थांबली. बादली उचलल्याचा, कॅनमध्ये ओतल्याचा आवाज आला. मग दुसरी गाय. थोरलीने डोळे मिटले. अंग इतकं जड झालं होतं की ते आपलं नाहीच असं वाटत होतं. फक्त ही एक गाय, असं ती मनाशी म्हणाली. दुसरी बादली ओतली गेली. तिसऱ्या गाईची धार सुरू झाली आणि तेव्हा ती उठली.

धाकटी गाईच्या कुशीला कपाळ टेकवून बसली होती.

"ऊठ."

"होतच आलंय. तुमचा हात जरा—"

"ऊठ म्हणते ना."

धाकटी उठली. थोरलीने तिच्या हातातून बादली घेतली आणि उरलेल्या गाई एकटीने पिळल्या.

दहाच्या सुमारास धाकटी स्वयंपाकघरात आली. "ताई," ती म्हणाली, "खांदा."

थोरलीने चुलीवरचं पातेलं तसंच खाली ठेवलं. भावांना फोन लावला. त्यांना यायला दोन तास लागले असते. मग ती धावत रस्त्यावर गेली आणि डेअरीचीच गाडी अडवली. दूध मोजणाऱ्याने तिचं तोंड पाहिलं आणि कॅन उतरवून ठेवले. वाटेत त्याने एकदाही थट्टा केली नाही.

पुन्हा तेच यंत्र, तेच फोटो. भाऊ पोहोचले तेव्हा सर्जनबाई धाकटीच्या उशाशी उभ्या होत्या.

"आत थोडं ताजं रक्त दिसतंय. काही जड उचललं होतं?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"हो," थोरली म्हणाली. "सकाळी धार काढली. बादल्या उचलल्या."

धाकट्या भावाने मान वर केली. "आणि तुम्ही कुठं होता वहिनी?"

"घरातच. जागी होते. ऐकत होते."

तो बघत राहिला. थोरल्या भावाने जमिनीकडे पाहिलं. सर्जनबाईंनी फक्त विचारलं, "किती बादल्या?"

"भरलेल्या दोन. तिसऱ्या गाईला मी उठले."

त्यांनी कागदावर लिहून घेतलं. "नाडी एकशे बारा. दाब अजून टिकून आहे. ऑपरेशनची खोली तयार ठेवायला सांगते, तुम्ही सही करून ठेवा. संध्याकाळपर्यंत मी हात लावणार नाही. नाडी वर गेली तर मात्र विचारत बसणार नाही."

धाकट्या भावाने सही केली. मग तो बाहेर गेला तो बाहेरच राहिला.

खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं. थोरलीने स्टूल सरकवून सावली केली.

"कशाला सांगितलंत?" धाकटी म्हणाली.

"विचारलं म्हणून."

"केव्हापासून जाग्या होता?"

"पहिल्या गाईपासून."

धाकटीने डोळे मिटले. "मला कळलं होतं. खाट वाजली ना तुमची, कूस बदलल्यावर."

"मग थांबली का नाहीस?"

"तुम्ही आत्ता उठाल, आत्ता उठाल, असं वाटत होतं."

सिस्टर आली, नाडी बघून गेली. एकशे दहा.

दुपारी धाकटा भाऊ चहाचे दोन पेले घेऊन दाराशी आला. "वहिनी, घ्या," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता. थोरलीने उजवा हात पुढे केला. पेला बोटांत ठरला नाही. चहा फरशीवर सांडला, थोडा त्याच्या पायावर. तो वाकला, आणि वाकलेला असतानाच त्याला ते मनगट दिसलं. अंगठ्याच्या बुडाशी लिंबाएवढी सूज होती.

"हे कधीपासून?"

"झाले आठ-दहा दिवस."

"बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुम्ही जेवता जेवता झोपताय."

त्याने दुसरा पेला तिच्या डाव्या हातात दिला आणि फरशी पुसायला फडकं शोधू लागला.

तीन वाजता एकशे चार. चार वाजता सिस्टरने दोनदा मोजली. अठ्ठ्याण्णव. पाचला सर्जनबाई आल्या. त्यांनी स्वतः मनगट धरलं, घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर उभ्या राहिल्या, मग पोट दाबून पाहिलं.

"ब्याण्णव," त्या म्हणाल्या. "नाही कापत."

थोरली स्टुलावरून उठली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली. परत आली तेव्हा भांडं घेऊन आली. "कंबर उचल," ती म्हणाली. धाकटीने उचलली.

या वेळी दहा दिवस ठेवून घेतलं. दोघे भाऊ घरी काही बोलले असतील. थोरली परतली तेव्हा पहिलारू आणि आणखी दोन गाई विकलेल्या होत्या. चाऱ्याला आता एकच भाऊ जायचा, तोही दिवसाआड. दुसरा गोठ्यात बसायचा. थोरली डाव्या हाताने सड धरून दाखवायची. "ओढू नका, वरून दाबत खाली या. आपल्या अंगठ्याचा राग तिच्यावर काढू नका." तिचा नवरा दोनदा शेणात बसला, एकदा शेपटी डोळ्यावर खाऊन दिवसभर पाणी मारत राहिला. तिसऱ्या आठवड्यात त्याची एक गाय अर्ध्या तासात व्हायला लागली. धाकटी दारात खुर्ची टाकून ते बघत बसायची, आणि हसू आलं तर हसायची. थोरली झाकण आदळत नव्हती.

दोन महिन्यांनी दोघी तपासायला गेल्या. सर्जनबाईंनी फोटो उजेडाकडे धरला. "भरून आलीय. जखमेची रेघ तेवढी दिसतेय. आता हळूहळू कामाला लाग." मग थोरलीचा हात पाहिला, मनगटाला पट्टा बांधून दिला आणि म्हणाल्या, "याला मात्र आता आराम हवा." थोरलीने मान हलवली.

परतताना बसमध्ये गर्दी नव्हती. धाकटी खिडकीशी बसली होती. बराच वेळ बाहेरची कोरडी रानं बघून झाल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून सकाळच्या गाई मी काढते. तुम्ही झोपा."

थोरली मनगटाचा पट्टा सैल करत होती.

"खरंच काढते ताई. बाई म्हणाल्यात ना आता."

"ऐकलं मी."

घरी पोहोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. गोठ्यात जाण्याआधी दोघे भाऊ ओट्यावर बादल्या घेऊन बसले होते. थोरल्याने बोटं ताणून कडाकडा मोडली आणि विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टरबाई?"

"अजून दोन महिने," थोरली म्हणाली. "बादली नाही, कॅन नाही, काही उचलायचं नाही. मलाही हात हलवायला मनाई केलीय."

थोरल्याने एक मोठा श्वास सोडला. "बरं," म्हणाला आणि बादली उचलून गोठ्याकडे चालू लागला. धाकटा त्याच्या मागे गेला.

धाकटीची एक चप्पल हातात होती, एक पायातच. ती थोरलीकडे बघत राहिली.

"उभी काय राहिलीस?" थोरली म्हणाली. "पड जा."